गच्चीवरचं तुर्कस्तान

अनंत मोघ्यांनी मला पहिल्यांदा तुर्कस्तानला नेलं ते आमच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर. मे महिन्यातला शुक्रवार, म्हणजे सुट्टीचा दिवस. सकाळचे सहा वाजले होते, आणि शारजात मे महिन्यात सकाळी सहालासुद्धा गच्चीची फरशी चपलेतून कळते. आदल्या संध्याकाळी मोघे आमच्या दारात उभे राहून बजावून गेले होते, "पाटणकर, उद्या सहाला वर या. साक्षीदार पाहिजे." कशाचा साक्षीदार, ते सांगितलं नव्हतं. मी बनियनवर शर्ट चढवला आणि डोळे चोळत वर गेलो.

लिफ्टच्या दारासमोर खडूने लिहिलं होतं, 'विमानतळ'. डिश अँटेनांच्या रांगेपुढे 'हॉटेल'. पाण्याच्या टाकीवर चढायच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर 'रोमन थिएटर'. आणि कठड्याजवळ, जिथून समोरच्या बिल्डिंगचे एसी आणि वाळत घातलेले लेंगे दिसत, तिथे सगळ्यांत मोठ्या अक्षरांत 'भूमध्य समुद्र'.

विमानतळावर मोघे, सुलेखावहिनी आणि मुग्धा सामानासकट उभे होते. वहिनींच्या चेहऱ्यावर, लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाईच्या चेहऱ्यावर असते तशी शांतता होती. मुग्धा बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि उभ्याउभ्या झोपत होती. त्यांच्यासमोर खुर्ची-टेबल मांडून बिल्डिंगचा नातूर, म्हणजे आपला वॉचमन, लालखान बसला होता. तो इमिग्रेशन ऑफिसर होता. लालखान मूळचा पेशावरकडचा, आणि आयुष्यात पहिल्यांदाच टेबलाच्या त्या बाजूला बसायला मिळाल्यामुळे तो ती संधी वाया घालवणार नव्हता.

"किधर जाता है?" त्याने विचारलं.

"टुरिस्ट. फॅमिली हॉलिडे," मोघे म्हणाले.

लालखानने पासपोर्टची झेरॉक्स उलगडली, फोटो बघितला, मोघ्यांना बघितलं, परत फोटो बघितला. "इसमें मूंछ है. आपका मूंछ किधर है?"

"निकाल दिया."

"फिर ये आदमी आप नहीं है. वापस जाओ."

मोघे चिडतील असं मला वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा उजळला. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत? म्हणून ड्राय रन करायची असते!" आणि त्या दिवसापासून त्यांनी मिशा वाढवायला घेतल्या.

हे 'ड्राय रन' म्हणजे मोघ्यांचा श्वास. जबल अलीच्या बंदराजवळ एका गोदामात कंटेनरमध्ये माल कसा रचायचा ते ठरवणं ही त्यांची नोकरी. नाजूक किंवा महागडा माल जायचा असला की ते आदल्या दिवशी रिकाम्या खोक्यांनी अख्खा कंटेनर भरून बघत, आणि परत उपसत. "ड्राय रन झाल्याशिवाय माल हलत नाही," हे वाक्य ते इतरांनी 'शुभं करोति' म्हणावं तितक्या नियमाने म्हणत. गोदामात हे शोभतं. पण मोघे घरी येताना गोदाम बरोबर घेऊन येत. आम्ही त्यांना एकदा जेवायला बोलावलं तर आदल्या दिवशी ते समोरच्या दारातून आमच्या घरी आले, सोफ्यावर बसून बघितलं, जेवणाच्या टेबलाशी तीन खुर्च्यांवर आळीपाळीने बसले, "मुग्धा डावखुरी आहे, तिला कडेची" असं सांगितलं आणि निघून गेले. माझी बायको नीता पदराने तोंड दाबून आत पळाली.

सुलेखावहिनींनी तर याहून जुनी गोष्ट सांगितली. त्यांचं माहेर सांगलीचं. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात साताऱ्याहून एक रिकामा टेम्पो त्यांच्या दारासमोर आला, वळला, आणि कोणी काही विचारायच्या आत निघून गेला. ड्रायव्हरशेजारी होणारा जावई घड्याळ धरून बसलेला. "आमच्या बाबांना वाटलं, स्थळ मोडलं. आईने तर अंथरूणच धरलं," वहिनी सांगत. मोघे शेजारी बसून गंभीरपणे म्हणत, "पण लग्नाच्या दिवशी वऱ्हाड वेळेवर पोचलं की नाही ते सांग."

तर असा माणूस सहलीला निघाला होता, आणि तीही आयुष्यातल्या पहिल्या. आखातात राहून सहल पहिली कशी, असं कोणाला वाटेल. तर आमच्यासारख्यांचं गणित सोपं होतं. शाळांना जुलैत सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे इंडिया. मोघ्यांच्या बाबतीत इंडिया म्हणजे सातारा. तिथे त्यांची आई एकटी राहायची, खाली एक भाडेकरू. दर जुलैला हे तिघं दोरीने बांधलेली खोकी घेऊन साताऱ्याला जात. तिथे मोघे गच्चीला डांबर लावत, पाण्याची टाकी धूत, बँकेत जात, दोन लग्नं आणि एक बारसं उरकत. वहिनी पाहुण्यांना पोहे करत. मुग्धाचं पोट बिघडे. मग सगळे थकूनभागून शारजाला परत येत आणि ऑफिसात जाऊन विश्रांती घेत.

त्या वर्षी मुग्धाचं पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं ठरलं. एका संध्याकाळी चहा पिताना वहिनी सहज म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आपण साताऱ्याला जाऊ तेव्हा मुग्धा पुण्याहून पाहुणी म्हणून येईल. आपण तिघंच असे कधी कुठे गेलोच नाही, नाही?"

मी तिथेच होतो. मोघ्यांनी बशीतला चहा बशीतच ठेवला. "या जुलैला जायचं. तिघंच. कुठे जायचं बोल."

वहिनी शाळेत इतिहास शिकवायच्या. त्यांना फार विचार करावा लागला नाही. "इतकी वर्षं नकाशावर बोट ठेवून मी मुलांना रोमन साम्राज्य शिकवते. समुद्राकाठच्या अशा एखाद्या जुन्या थिएटरच्या पायरीवर मला एकदा बसायचंय."

"खलास. फायनल," मोघे म्हणाले.

पुस्तकं चाळून तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचं सीदे नावाचं गाव ठरलं. तिथे थिएटर होतं, समुद्राला लागून देवळाचे पांढरे खांब होते, आणि चालत जाण्याच्या अंतरावर पुळण होती. मुग्धाने एकच शंका काढली. "बट बाबा, इट्स अ बीच. वुई हॅव अ बीच. लाइक, टेन मिनिट्स अवे."

"तो रोजचा समुद्र आहे," मोघे म्हणाले.

मग जे सुरू झालं त्याला मी रोज साक्षी होतो, कारण मोघे मला रोज सकाळी त्यांच्या गाडीतून दुबईत माझ्या ऑफिसपाशी सोडून पुढे जबल अलीला जात. शारजा-दुबई रस्त्यावर गाड्या सकाळी सरकत नसत, त्यामुळे तुर्कस्तानला भरपूर वेळ मिळे. साहेबांकडे रजा मागितली तर ते "इन्शाल्ला, हबीबी, इन्शाल्ला" म्हणाले. मोघे तिथेच उभे राहिले. "इन्शाल्ला कुठल्या तारखेला, सर?" साहेबांना इतकी वर्षं हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी सही करून टाकली. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचे, आमच्या सगळ्यांचेच असायचे. आपला सोडवायला मोघे रोज जेवणाच्या सुट्टीत त्या कपाटासमोर डबा उघडून बसू लागले. कारकुनाने कंटाळून पासपोर्ट काढून दिला.

व्हिसाच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "तुमचं तिकडे ओळखीचं कोण आहे?"

"कोणीही नाही!" मोघे इतक्या आनंदाने म्हणाले की बाईंनी मान वर करून बघितलं. "दॅट इज द होल पॉइंट, मॅडम."

व्हिसा मिळाला. मिशाही फोटोतल्याइतक्या वाढल्या होत्या.

गच्चीवरच्या दुसऱ्या ड्राय रनला मात्र एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. सामानात दोरीने करकचून बांधलेलं एक खोकं होतं, वर मार्करने 'A. V. MOGHE' लिहिलेलं.

"यात काय?" वहिनींनी विचारलं.

"नेहमीचंच. दूध पावडरचे डबे, बाम, सेंटच्या बाटल्या, चॉकलेटं."

"अहो, पण तिथे द्यायचं कोणाला?"

मोघे खोक्याकडे बघत राहिले. "रिकाम्या हाताने जायचं?" त्यांनी विचारलं. आम्ही हसलो. त्यांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, हे मला तेव्हाही दिसलं होतं. वहिनींनी खोकं साताऱ्याकडे निघालेल्या कोणाबरोबर तरी देऊन टाकलं.

आणि खरी अडचण तिथेच होती. या सगळ्या भानगडीत एक काम मोघ्यांनी केलंच नव्हतं. आपण या जुलैला येत नाही, हे त्यांनी आईला सांगितलं नव्हतं.

दर शुक्रवारी जेवण झाल्यावर ते साताऱ्याला फोन लावत. शनिवारी सकाळी गाडीत बसलो की मी विचारायचो, "काल सांगितलंत?"

"काल तिचा आवाज जरा बसला होता हो."

पुढच्या शनिवारी, "काल शेजारच्या बाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोर कसं सांगायचं?"

त्याच्या पुढच्या शनिवारी, "मी सांगणारच होतो. पण ती म्हणाली, तुझ्यासाठी फणसाचे गरे तळून ठेवलेत." तळलेल्या गऱ्यांपुढे रोमन साम्राज्य टिकेना.

जून उजाडला. वहिनींनी विचारायचं सोडून दिलं. एक दिवस त्या नीताला म्हणाल्या, "बघ, आम्ही साताऱ्यालाच जाणार. मला काही वाटणार नाही. पण मुग्धाने नवा पोहण्याचा पोशाख आणलाय." त्यांना काही वाटणार नव्हतं हे सांगताना त्यांचा आवाज मात्र नीट लागत नव्हता.

हे मोघ्यांच्या कानावर गेलं असावं. दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले. चेहरा कंटेनर भरायला घेतल्यासारखा. "पाटणकर, फोनची ड्राय रन करायची. तुम्ही आई."

"मी?"

"तुमचा आवाज तिच्यासारखा आहे." हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. "मी माझ्या घरून फोन लावतो. इथल्या इथे फोन फुकटच आहे. जे तोंडाला येईल ते बोला. दयामाया करू नका."

फोन वाजला. मी उचलला. समोरच्या दाराआडून आणि फोनमधून एकदमच आवाज आला, "हॅलो, आई? मी अनंत."

"बोल बाळा," मी म्हणालो. नीताने आणि आमच्या मुलाने उशा तोंडात कोंबल्या.

"आई, या जुलैला आम्ही येऊ शकत नाही. आम्ही तिघं जरा बाहेर जातोय."

मी हौशी नट. कॉलेजात गॅदरिंगला पोलीस हवालदाराची कामं केलेली. अशी भूमिका पुन्हा मिळणार नव्हती. मी एक मोठा सुस्कारा सोडला. "नाही येणार? बरं. ठीक आहे. मी एकटी काय, कुठेही बसेन. गच्ची गळतेय, गळू दे. गुडघ्याचं काय, आता जन्माचंच दुखणं. तुम्ही सुखात राहा म्हणजे झालं."

मग मोघे घाईघाईने म्हणाले, "येतो आई. येतो. तू रडू नकोस. दोन तारखेलाच निघतो."

दोन्ही घरांची दारं उघडली. पॅसेजमध्ये मोघे घाम पुसत उभे होते. "तुम्ही फार चांगलं केलंत," ते मला म्हणाले, आणि ते कौतुक नव्हतं. मग नीता रागावलेली आई झाली. तिच्यापुढे मोघ्यांनी सातारा आणि तुर्कस्तान दोन्ही कबूल केलं. मुग्धा अबोल आई झाली, तेव्हा ते स्वतःच "हॅलो, हॅलो" करत बेजार झाले. आठवडाभर हा खेळ चालला. रडणाऱ्या आईला एक उत्तर, रागावणाऱ्या आईला दुसरं, आजारी आईला तिसरं, अशी तयारी झाली. शेवटच्या दिवशी तर मी छाती बडवून घेतली तरी मोघे ढळले नाहीत. "डिसेंबरात येतो आई, ख्रिसमसला. फायनल," असं शांतपणे म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर आम्ही सगळे मोघ्यांच्या हॉलमध्ये जमलो. एसी घरघरत होता. मोघ्यांनी नंबर फिरवला. त्यांच्या आई, परदेशात ऐकू जायचं म्हणून, फोनवर ओरडून बोलायच्या, त्यामुळे त्यांचं अक्षर न् अक्षर आम्हाला ऐकू येत होतं.

"हॅलो, आई? मी अनंत. आई, या जुलैला आम्ही येऊ शकत नाही. आम्ही तिघं जरा बाहेर जातोय." एका दमात बोलून मोघ्यांनी डोळे मिटले.

मग साताऱ्याहून आवाज आला.

"अगो बाई! बरं झालं!"

मोघ्यांनी डोळे उघडले.

"अरे, आमचं भजनी मंडळ दरवर्षी गुरुपौर्णिमेला गाणगापूरला जातं. चांगली आठ दिवसांची यात्रा असते. मी कुठली जाणार! तू नेमका तेव्हाच येतोस. आता या वर्षी जाते. थांब हं, आत्ताच कुलकर्णीबाईंना सांगते, जागा भरायच्या आत."

"पण आई... तू कधी बोलली नाहीस."

"कसं बोलणार? तू एवढा लांबून येतोस. तुझा हिरमोड नाही का होणार?"

"आणि गच्ची? टाकी? टाकी कोण धुणार?"

"टाकी रे काय! खालचा भाडेकरू दर महिन्याला धुतो. मे-जूनमध्ये मीच त्याला सांगते, राहू दे, अनंता यायचाय, त्याला काहीतरी काम लागतं." मग त्या हसल्या. "जा रे, नीट जा. सुलेखाला आणि मुग्धाला घेऊन मजा करा. ठेवते आता, बिल चढतंय तुझं."

फोन बंद झाला. मोघ्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि तो नीट बसलाय ना ते बघितलं. मुग्धा ओरडली, "येस्! आजी इज सो कूल!" वहिनी हसत उठल्या आणि मग मोघ्यांचा चेहरा बघून तशाच थांबल्या.

"आई खूश आहे," मोघे म्हणाले. "फारच खूश आहे." आणि पाणी प्यायला म्हणून आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. रडणाऱ्या, चिडणाऱ्या, आजारी अशा सगळ्या आयांची तयारी आम्ही करून घेतली होती. सुटका झालेली आई कोणाला सुचलीच नव्हती.

पण बेत ठरला होता आणि मोघे ठरलेलं मोडणाऱ्यांतले नव्हते. जुलैत तिघं गेले आणि ठरल्या दिवशी, ठरल्या विमानाने परत आले. वहिनी नीताला थिएटरबद्दल सांगता सांगता थांबेनात. पायरी दुपारी तापलेली होती, तरी त्या तिच्यावर तासभर बसल्या होत्या. मुग्धा पुण्याला जायच्या आधी आम्हाला नमस्कार करायला आली तेव्हा मी विचारलं, "बाबांनी किती ड्राय रन केल्या तिकडे?"

"नन, काका. ही वॉज सो रिलॅक्स्ड, इट वॉज विअर्ड." मग म्हणाली, "फक्त एक. हॉटेलच्या कोपऱ्यावर कार्डाचा फोन होता, समुद्राकडे तोंड करून. रोज संध्याकाळी बाबा तिथे जायचे. आजीचा नंबर लावायचे आणि नुसते उभे. आय टोल्ड हिम, बाबा, आजी गाणगापूरला आहे. ही सेड, आय नो."

ऑगस्टमधल्या एका सकाळी आम्ही नेहमीसारखे रस्त्यावर अडकलो होतो. मुग्धा जाऊन थोडेच दिवस झाले होते. गाडीत तुर्कस्तान संपल्यामुळे बोलायला विषय नव्हता. मी त्या समुद्राकाठच्या फोनचं विचारून टाकलं.

मोघ्यांनी आधी आरसा बघितला, मग काचेवरची धूळ पुसली.

"उचलणार कोणी नव्हतं, माहीत होतं," ते म्हणाले. "पण घंटा वाजायला लागली की कळतं हो, आता ती माजघरात ऐकू जातेय, आता जिन्यात. कोणी उचलत नाही म्हणून कार्डातले पैसेही जात नाहीत. घरातून एक चक्कर मारून यायला होतं."

पुढची गाडी हातभर सरकली. मोघ्यांनीही आपली सरकवली.

"आईला काय, आई गाणगापूरला होती. मजेत होती. पण घर होतं ना तिथे. इतक्या वर्षांत जुलैत आम्ही गेलो नाही असं कधी झालं नव्हतं. घराला कोणीतरी कळवायला नको, की आम्ही येत नाही म्हणून?"

मला हसू यायला हवं होतं. मीही माझ्या बाजूची काच पुसायला घेतली. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा मोघे म्हणाले, "यल्ला, यल्ला, चाललोय बाबा," आणि त्यांनी गियर टाकला.